चार कळसूबाईंचं बळ आणि १९ सेंटीमीटरची पायरी

घरात केर काढणाऱ्या चांगल्यापैकी रोबोत ६,४०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते. दाब १४.४ व्होल्ट धरला तर तिच्यात ९२ वॉट-तास, म्हणजे सुमारे ३ लाख ३२ हजार जूल ऊर्जा साठते. यंत्राचं वजन ५ किलो धरू. तेवढं वजन एक मीटर वर उचलायला ४९ जूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं साडेसहा किलोमीटरहून जास्त! कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. एकावर एक चार कळसूबाई रचले, तरी ते चढून बॅटरीत थोडा जीव उरेल. मोटर आणि गिअरमध्ये निम्मी ऊर्जा वाया गेली म्हणा, तरी दोन कळसूबाई हिशोबात राहतातच.

हेच यंत्र उल्हासनगर शहरातल्या कॅम्प १ वस्तीत एखाद्या दुमजली घरात आणून सोडा. पहिल्या पायरीपाशी ते थांबेल आणि मागे फिरेल.

अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीने रूम्बा हा केर काढणारा रोबो बाजारात आणला २००२ मध्ये. पुढे या कंपनीने जगभर ५ कोटींहून जास्त रोबो विकले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. म्हणजे या शहरातल्या प्रत्येक माणसामागे शंभरेक रोबो. या काळात केर ओढण्याची ताकद इतकी वाढली की आज २०,००० पास्कलची यंत्रं मिळतात. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या एक-पंचमांश आहे, त्यावर पाण्याचा स्तंभ दोन मीटर वर चढेल. यंत्रांना भिंती ओळखता आल्या, खोलीचा नकाशा करता आला, मोजा आणि वायर यातला फरक कळू लागला. जिन्याच्या बाबतीत मात्र त्यांना एकच धडा दिला गेला होता: भ्यायचं. पोटाखालचे इन्फ्रारेड सेन्सर जमिनीकडे किरण सोडतात. तो परत आला नाही की पुढे खड्डा आहे असं समजून चाकं उलटी फिरतात. काळीभोर लादीसुद्धा किरण गिळते, त्यामुळे कधी कधी सपाट जमिनीवरही यंत्र दचकून मागे सरतं.

अडचण ताकदीची नाहीच, अंगकाठीची आहे. पलंगाखाली, कपाटाखाली शिरायचं तर उंची १० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटीमीटर. म्हणजे यंत्राला स्वतःच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर चढायचं आहे. साडेपाच फुटी माणसाच्या मापाने ही दहा फुटांची भिंत झाली, आणि ३ मीटरच्या एका मजल्याला अशा १६ भिंती. चाकाने सरळ लोळत पायरी ओलांडायची तर चाकाची त्रिज्याच पायरीहून मोठी हवी. तसलं यंत्र पलंगाखाली जाणार कसं? वीसहून जास्त वर्षं घोडं अडलं ते इथे.

आता ते हललं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बर्लिनच्या आयफा या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात चीनच्या ड्रीमी कंपनीने सायबर एक्स हे वाहक यंत्र दाखवलं. ते रोबोला पोटात घेऊन पट्ट्यांच्या पायांनी जिना चढतं. जानेवारी २०२६ मध्ये लास व्हेगासला रोबोरॉक या दुसऱ्या चिनी कंपनीने सारोस रोव्हर पुढे आणला. त्याला चाकं लावलेले दोन पाय आहेत. एक पाय लांब करून तो अंग वर उचलतो, पायरीवर बसतो, ती झाडतो आणि पुढची पायरी धरतो. मला यातला दुसराच मार्ग खरा वाटतो. वाहक यंत्र रोबोला वर पोचवतं, पण पायऱ्यांवरचा केर जागीच राहतो. तीन फूट रुंद जिन्याच्या १६ पायऱ्यांचे आडवे-उभे पृष्ठभाग मिळून सहा चौरस मीटरहून जास्त भरतात. ही एका लहान खोलीची लादीच आहे, फक्त ३२ घड्या घातलेली.

या यंत्रांची खरी परीक्षा मला कॅम्प १ मध्ये व्हावीशी वाटते, कारण इथला जिना हौसेचा नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही शहाड स्टेशनला उतरून घर शोधायचं तर पत्त्यात बराक नंबर असतो. शहर सुमारे १३ चौरस किलोमीटरचं. लोकसंख्येने भागलं तर एका चौरस किलोमीटरमध्ये ३९,००० माणसं. उलटं केलं तर माणशी २६ चौरस मीटर, जेमतेम २८० चौरस फूट, आणि त्यात रस्ता, नाला, दुकान, शाळा, सगळं आलं. एवढ्याशा जागेत कुटुंब वाढलं की घर वरच जाणार.

अशा अरुंद घरात जिन्याला जागा द्यायची म्हणजे खोलीतून काढून द्यायची. संहितेच्या मापाने, १९ उंची आणि २५ रुंदी, जिन्याचा चढ ३७ अंशांचा येतो. पण नऊ इंच उंच आणि आठ इंच रुंद पायरी घातली की तोच चढ ४८ अंशांवर जातो. सायबर एक्सचा दावा आहे २५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीचा आणि ४२ अंश चढाचा. नऊ इंच म्हणजे २३ सेंटीमीटर, उंचीत यंत्र पास. चढात मात्र सहा अंशांनी नापास. शिवाय पायरी कधी मोकळी नसते. एका कडेला चपला, वळणावर पाण्याचा ड्रम, वर न्यायचा राहिलेला गॅस सिलिंडर. माणूस अंग चोरून यांच्यामधून जातो.

तो माणूस म्हणजे बहुधा घरकामाला येणाऱ्या मावशी. त्यांचाही हिशोब मांडू. समजा त्यांच्याकडे पाच घरं आहेत, प्रत्येकाला वर दोन मजले. घरामागे ६ मीटर चढ, दिवसाला ३० मीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० मीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. हातात बादली, फडकं, फूलझाडू. जिना झाडायचा तो वरून खाली, प्रत्येक पायरीचा कोपरा झाडूच्या टोकाने उकरत, वाकून, उलट्या पावली.

या चढाला शरीराची ऊर्जा किती लागते? ५५ किलोची बाई ३० मीटर चढली तर दिवसाला साधारण १५ किलोकॅलरी, एक चमचा साखर. म्हणजे माणसाच्या बाबतीतही प्रश्न ऊर्जेचा नाही. जर्मनीत संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून भार मोजला होता. ते निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जिना उतरताना गुडघ्यावर सरासरी शरीराच्या वजनाच्या साडेतीन पट भार येत होता. ५५ किलोला तो १९० किलोच्या घरात जातो. पाच घरांच्या १६० पायऱ्या, दोन गुडघ्यांत वाटून प्रत्येकी ८०. वर्षाला एका गुडघ्यावर २४,००० वेळा १९० किलो, आणि हे फक्त उतरताना.

म्हणून जिना झाडणारं यंत्र मला मनापासून हवं आहे. पण मावशींचा पगार कामागणिक ठरतो: झाडू-लादी वेगळी, भांडी वेगळी, कपडे वेगळे. रोबोने झाडू-लादी घेतली तरी कपडे वाळत घालायला गच्चीवर त्यांनाच जायचं आहे. पायऱ्या तेवढ्याच राहतील आणि पगार कमी होईल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. तरी मावशींना महिन्याचे किती मिळणार, हे शेवटी घरची माणसंच ठरवतात. सारोस रोव्हर दाखवला तेव्हा त्याची किंमत जाहीर झालेली नव्हती. जे घर ती किंमत मोजेल, त्याने मावशींचा झाडू-लादीचा पैसाही चालू ठेवावा, आणि कपड्यांची दोरी खालच्या मजल्यावर बांधावी.