रजिस्टर दुकानात, गोळ्या घरात

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पहिले काही दिवस वेदना आवरत नाहीत. मग डॉक्टर बऱ्याचदा ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून देतात. आठवड्याभरात दुखणं उतरतं, गोळ्या बंद होतात आणि स्ट्रिपमध्ये चार-सहा उरतात. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर असो की राजारामपुरीतला फ्लॅट, पैसे मोजून आणलेलं औषध टाकवत नाही. "असू देत, परत लागतील," म्हणत त्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, बीपी-शुगरच्या गोळ्यांसोबत पडून राहतात. सोनं मात्र लोखंडी कपाटात, कुलपाच्या आत.

ट्रॅमाडॉल ही साधी पेनकिलर नव्हे. मॉर्फिन मेंदूत ज्या ठिकाणी काम करतं, तिथेच तीही करते. म्हणूनच २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ती अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणली. त्याआधीच, १ मार्च २०१४ पासून, ती 'शेड्यूल एच-१'मध्ये आहे. या यादीतलं औषध देताना केमिस्टला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. कायद्याची नजर इतकी बारीक आहे, पण ती काउंटरपाशी थांबते. पिशवी घरी आली की गोळ्या मोजणारं कोणी नसतं.

एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेतात, असं त्यात दिसलं. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के होते, तर औषधाच्या रूपातले अफूजन्य पदार्थ घेणारे जवळपास तितकेच, ०.९६ टक्के. महाराष्ट्राला औषधांची नशा नवी नाही. मालेगावात झोपेच्या अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळ्या 'बटन' नावाने विकल्या जातात. पोलिसांच्या कारवाया होतात, बातम्या छापून येतात, आणि त्या वाचताना घरातल्या ड्रॉवरची आठवण कोणालाच होत नाही. अमेरिकेतल्या सरकारी पाहण्यांत मात्र वर्षानुवर्षं हेच दिसलं आहे की, वेदनाशामकांचा गैरवापर करणाऱ्यांपैकी अनेकांना ती गोळी मित्राकडून किंवा नातेवाइकाकडून मिळालेली असते.

लहान मुलांचा धोका वेगळाच. ट्रॅमाडॉलचं शरीरात अधिक जोरदार द्रव्यात रूपांतर होतं आणि काही मुलांत ते फार झपाट्याने होतं. श्वास मंदावतो, मूल जागं होत नाही. जास्त मात्रेने झटकेही येतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ही गोळी आणि याच गटातलं कोडीन देऊच नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बजावलं. कॅन्सरच्या रुग्णाला लावायचा फेंटानिलचा पॅच तर आणखी फसवा. तीन दिवसांनी काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. तो उघडा टाकला आणि रांगत्या बाळाने अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला, तर जीव जाऊ शकतो. काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन तो दुमडून टाकायला हवा.

कोल्हापूरकरांना पुराचाही विचार करावा लागतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा लोकांनी कागदपत्रांबरोबर औषधांची पिशवीही उचलली. निवारा केंद्रात किंवा पाहुण्यांच्या घरी ती पिशवी कुठल्याही खुंटीला लागते. अशा वेळी जोरदार औषधं वेगळ्या, कुलपाच्या छोट्या डब्यात असतील तर डबाच उचलता येतो.

घरी करायचं ते फार नाही. स्ट्रिपवर लाल अक्षरात 'आरएक्स' किंवा 'एनआरएक्स' दिसलं की ते औषध कपाटात कुलपाआड ठेवावं, मूळ स्ट्रिपमध्येच. डबीत सुट्या ओतलेल्या गोळ्या पुढे कोणालाच ओळखता येत नाहीत. किती उरल्या ते कागदावर लिहावं आणि किल्ली घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडे असावी.

उरलेल्यांचं काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२५ च्या मार्गदर्शनात ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मॉर्फिनसह १७ औषधं संडासात टाकून पाणी सोडावं, असं सांगितलं आहे; इतर औषधांसाठी हा मार्ग नाही. मुदत संपलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती; ती ओल्या-सुक्यात मिसळायची नसतात. केरळने उरलेली औषधं परत घेण्याचा सरकारी उपक्रम कोझिकोडपासून सुरू केला. कोल्हापुरातल्या औषध दुकानांतही तशा पेट्या हव्यात, आणि त्यासाठी महापालिका व औषध प्रशासनाने एकत्र बसायला हवं.

यातून एक उलटी भीती मात्र पसरू नये. १९८५ च्या याच कडक अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं वर्षानुवर्षं दुरापास्त झालं होतं. ती वाट सोपी करायला २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला. घरात कोणी वेदनेने तळमळत असेल तर "सवय लागेल" म्हणून त्याचा डोस चुकवू नये. तो डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेला, मोजून द्यावा. आणि कपाटातल्या गोळ्या हिशेबाबाहेर कमी होताना दिसल्या, घरातल्या कोणाबद्दल शंका आली, तर आरडाओरडा करण्याआधी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. तो मोफत आहे.