आहार हाही उपचारच : आहारतज्ज्ञाच्या कार्याचा परिचय

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रियांची संख्या आणि बाह्यरुग्ण विभागाची नोंद ठळकपणे येते. आहार विभागाचा उल्लेख मात्र बहुधा खर्चाच्या बाजूला, धान्य, भाजीपाला आणि इंधन यांच्या रकमांखाली झाकून जातो. त्यामुळे आहारतज्ज्ञ म्हणजे स्वयंपाकघरावर देखरेख करणारी व्यक्ती, असा समज देणगीदारांमध्ये आणि रुग्णांच्या कुटुंबीयांमध्येही रूढ झाला आहे. हे कार्य रुग्णसेवा, अध्यापन, संशोधन आणि नेतृत्व अशा चार अंगांनी चालते. त्याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

व्यवसायाची जडणघडण

क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रुग्णाच्या आहाराचा स्वतंत्रपणे विचार केला. अन्न उपलब्ध असूनही ते केव्हा व कसे द्यावे याकडे दुर्लक्ष झाल्यास रुग्ण उपाशी राहतो, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. पुढे परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या लेना कूपर यांनी लुलू ग्रेव्ह्ज यांच्या समवेत १९१७ साली क्लीव्हलंड येथे ‘अमेरिकन डायटेटिक असोसिएशन’ची स्थापना केली. पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईचा तो काळ होता. कूपर यांच्यावर अमेरिकी सैन्याच्या पहिल्या पर्यवेक्षक आहारतज्ज्ञ म्हणून जबाबदारी आली. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सहलेखनातील पाठ्यपुस्तकाचा परिचारिकांच्या शिक्षणात दीर्घकाळ उपयोग झाला. व्यवस्थापन आणि अध्यापन ही दोन्ही अंगे या व्यवसायात आरंभापासून कशी एकत्र आली, याचे त्यांची कारकीर्द हे उत्तम उदाहरण होय.

आपल्या देशात पोषणविषयक संशोधनाचा पाया १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासाने घातला गेला. त्या छोट्या प्रयोगशाळेचा विस्तार होऊन आज हैदराबाद येथे असलेली राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. आहारतज्ज्ञांची ‘इंडियन डायटेटिक असोसिएशन’ ही संघटना १९६३ साली स्थापन झाली.

रुग्णाच्या खाटेजवळ

रुग्ण दाखल झाल्यावर त्याचे वजन किती आहे, गेल्या काही महिन्यांत ते घटले आहे काय आणि अन्न कितपत जाते, हे तीन प्रश्न आहारतज्ज्ञ प्रथम विचारतात. उभे राहू न शकणाऱ्या रुग्णाच्या दंडाचा घेर मोजला जातो. या साध्या नोंदींवरून कुपोषणाचा धोका ओळखता येतो. कुपोषित रुग्णाची जखम उशिरा भरते, त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि रुग्णालयातील त्याचा मुक्काम लांबतो.

‘सलाईन चालू आहे, म्हणजे पोटात काही गेले नाही तरी चालेल’, असे नातेवाईक अनेकदा समजतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे एका पोळीइतकी असते आणि प्रथिने मुळीच नसतात. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर ऊर्जाही नसते. सलाईनने पाणी व क्षार यांची उणीव भरून निघते, अन्नाची नाही. म्हणूनच आतड्याचे कार्य चालू असेल, पण रुग्णाला गिळता येत नसेल, तर नळीवाटे मोजून आहार देण्याची व्यवस्था करावी लागते.

मूत्रपिंडाच्या विकारात तर मायेपोटी आणलेली वस्तूही अपायकारक ठरू शकते. रुग्णाला भेटावयास जाताना शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात ते साठून हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो. प्रथिनांच्या बाबतीतही असेच काळजीपूर्वक ठरवावे लागते. डायलिसिसपूर्वीच्या अवस्थेत डॉक्टर बहुधा प्रथिने मर्यादित ठेवण्यास सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र त्यांची गरज वाढते. जुने पथ्य तसेच पुढे चालू ठेवून डाळ, दूध, अंडी वर्ज्य केलेला रुग्ण दिवसेंदिवस क्षीण होतो. पथ्य आजाराच्या अवस्थेनुसार बदलते, हे कुटुंबीयांना त्यांच्या रोजच्या जेवणाच्या भाषेत समजावून सांगणे, हे आहारतज्ज्ञांचे मोठे काम आहे.

दीर्घकाळ उपासमार झालेल्या रुग्णाला एकदम भरपेट अन्न देणेही घातक ठरते. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होतो. अशा रुग्णाचा आहार रक्ततपासणीच्या आधारे पायरीपायरीने वाढवावा लागतो. पातळ पेजेपासून वरणभातापर्यंतचा हा प्रवास औषधाच्या मात्रेइतकाच काटेकोर असतो.

अध्यापन आणि संशोधन

पदव्युत्तर शिक्षणानंतर नवोदित आहारतज्ज्ञ रुग्णालयात उमेदवारी करतात. पुस्तकात प्रथिने ग्रॅममध्ये मोजलेली असतात. रुग्ण मात्र वाटी, भाकरी आणि पळी यांच्या हिशेबात जेवतो. ही सांगड अनुभवी आहारतज्ज्ञांच्या हाताखालीच शिकता येते. परिचारिका आणि स्वयंपाकघरातील कर्मचारी हेही त्यांचे विद्यार्थीच असतात, कारण ठरवून दिलेला आहार रुग्णापर्यंत यथायोग्य पोहोचणे यांच्याच हाती असते.

या अध्यापनाला संशोधनाचा आधार लागतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ भारतीय अन्नपदार्थांतील पोषकद्रव्यांची माहिती आहे. आपल्या डाळी व धान्ये यांचे मोल आकड्यांत मांडण्यामागे संशोधकांच्या अनेक पिढ्यांचे श्रम आहेत. डॉ. कमला सोहोनी यांचे नाव येथे आदराने घ्यावे लागेल. केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट १९३९ साली मिळवून त्या स्वदेशी परतल्या. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पोषणविषयक कार्य केले. डाळी, नीरा यांसारख्या सामान्यांच्या आवाक्यातील पदार्थांचा त्यांनी विद्यार्थ्यांसह अभ्यास केला आणि कालांतराने त्याच संस्थेचे संचालकपदही भूषविले. संशोधन, अध्यापन आणि नेतृत्व यांचा असा संगम विरळा.

अलीकडचे उदाहरण क्षयरोगाचे आहे. झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्तींचा सहभाग असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना पोषण आहार देण्यात आला. निम्म्या गटातील कुटुंबीयांनाही तांदूळ, तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. शिधा हा रोगप्रतिबंधाचाही भाग आहे, याला यापेक्षा बोलका पुरावा कोणता असणार?

नेतृत्वाची आवश्यकता

आहारतज्ज्ञांच्या शब्दाला निर्णयप्रक्रियेत स्थान नसेल, तर हे ज्ञान वहीतच राहते. शस्त्रक्रियेपूर्वी ‘रात्री बारापासून उपाशी’ ठेवण्याची जुनी प्रथा याचे उदाहरण म्हणून पाहता येईल. विशेष धोका नसलेल्या प्रौढ रुग्णाला भूल देण्यापूर्वी हलक्या घन आहारासाठी सहा तास आणि पाण्यासाठी दोन तास पुरेसे असल्याचे आजचे मार्गदर्शन आहे. तरीही दुपारची शस्त्रक्रिया लांबली की रुग्ण दिवसभर उपाशी राहू शकतो. हा नियम बदलावयाचा तर शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांना एकत्र आणावे लागते. ते केवळ स्वयंपाकघरातून घडणारे नाही. त्यासाठी आहारतज्ज्ञांना वैद्यकीय समितीत स्थान हवे. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची दखल घेतली आहे. रुग्णालयांनीही त्यास अनुरूप दर्जा देणे उचित होय.

देणगीदारांस निवेदन

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशातून आकारास आलेल्या योजनेनुसार, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. निर्धन रुग्णाला रुग्णालयाकडून दिला जाणारा आहार हा त्या विनामूल्य सेवांपैकी एक आहे. त्या ताटात काय वाढले जाते, यावर त्याचे बरे होणे पुष्कळसे अवलंबून असते. घरून डबा आणण्याची ज्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी रुग्णालयाचे ताट हाच एकमेव आधार असतो.

यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. आहारतज्ज्ञांच्या वेतनावर ते कोरता येत नाही. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता रुग्णाचा लांबलेला मुक्काम हा सर्वांत महाग खर्च होय, आणि तो टाळण्याच्या उपायांत आहारावरील खर्च तुलनेने अल्प असतो. एखाद्या निर्धन रुग्णाचा महिन्याचा पूरक आहार, उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थिनीचे विद्यावेतन किंवा वॉर्डासाठी एक वजनकाटा, अशा रूपाने आपला हातभार लागू शकतो. रुग्णांच्या नातेवाइकांनीही बाहेरून काही खाऊ घालण्यापूर्वी आहारतज्ज्ञांना एकवार विचारावे, ही आमची नम्र विनंती.