‘बरं आहे’ म्हणू नका, दम कुठे लागतो ते सांगा

फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा रुग्ण तपासणीला गेला आणि त्याला ‘आता कसं आहे?’ असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर येते, ‘बरं आहे.’ रांग मोठी असते, समोरचे घाईत असतात, आणि तक्रार करत बसायची आपल्या लोकांना सवयही नसते. पण या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. वर्षापूर्वी जी बाई नळावरून दोन हंडे आणत होती आणि आज कळशीही उचलत नाही, तीसुद्धा ‘बरं आहे’च म्हणते. हंडा उचलणेच बंद केल्यावर धाप लागणार कशाने?

श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा सीओपीडी हा आजार असो, टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेले फुफ्फुसाचे नुकसान असो, की दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस असो, औषधे आणि इनहेलर डॉक्टर देतात. पण रुग्णाचा दिवस कसा जातो, कोणते काम जमते आणि कोणते सुटले, हे मोजून त्याप्रमाणे व्यायाम ठरवणे हे फिजिओथेरपिस्टचे काम. ही मोजणी नीट व्हायची तर त्यातले अर्धे काम रुग्णाने आणि घरच्यांनी करायला हवे, असे आम्हाला वाटते.

नळीत फुंकर मारायची तपासणी झाली, एक्स-रे झाला, आता आणखी काय मोजायचे, असे अनेक जण विचारतात. फुंकरीच्या तपासणीत हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते तेवढे कळते. सारखाच आकडा आलेल्या दोघांपैकी एक जण बाजारात जाऊन भाजी आणतो आणि दुसऱ्याला सदरा घालताना दम लागतो. पायांत किती ताकद उरली, मन किती खचले, घर कितव्या मजल्यावर आहे, हे त्या नळीला कळत नाही.

म्हणून सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. धापेची एक मोजपट्टी जगभर वापरतात, तिच्यात ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. फक्त खूप कष्टाच्या कामात दम लागत असेल तर ०. सपाट रस्त्यावर घाईने चालताना किंवा थोडा चढ चढताना लागत असेल तर १. आपल्या वयाच्या माणसांच्या मागे पडत असाल, किंवा आपल्याच चालीने चालतानाही थांबावे लागत असेल तर २. साधारण १०० मीटर चालून थांबावे लागले तर ३. घराबाहेर पडणेच होत नसेल किंवा कपडे बदलतानाही दम लागत असेल तर ४. ही मोजपट्टी ज्या अभ्यासातून आली तो वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या फुफ्फुसांचा होता. कष्टकऱ्यांच्या छातीवरून तयार झालेले माप आहे, म्हणून ते आपल्याला चटकन समजते.

दुसरी चाचणी सहा मिनिटे चालण्याची. ३० मीटरच्या सपाट, सरळ मार्गावर जमेल तेवढे चालायचे. थांबले तरी चालते, पण घड्याळ थांबत नाही. आधी आणि नंतर बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन पाहतात, धाप किती ते आकड्यात विचारतात. काही आठवड्यांनी साधारण ३० मीटर जास्त चालता आले, तर फरक खरा पडला असे धरतात.

पण सपाट वऱ्हांड्यात चालणे म्हणजे आपले रोजचे जगणे नव्हे. नॉर्वेतल्या ग्लिट्रे नावाच्या रुग्णालयात यासाठी वेगळी चाचणी तयार झाली. खुर्चीतून उठायचे, पाठीवर पिशवी घेऊन चालायचे, मध्ये दोन पायऱ्या चढून उतरायच्या, फळीवरच्या एक-एक किलोच्या वस्तू खाली ठेवून पुन्हा वर ठेवायच्या, परत यायचे. अशा पाच फेऱ्या. पिशवीचे वजन बायकांना अडीच किलो, पुरुषांना पाच. आता आपल्याकडचा हिशेब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, भांड्याचे वजन वेगळे. त्यात पुनर्वसनाच्या इमारतीत सातवा मजला आणि लिफ्ट बंद!

प्रश्नावल्यांचेही तसेच. २००० साली प्रसिद्ध झालेली लंडनची एक प्रश्नावली आहे. अंग पुसणे, कपडे घालणे, केस धुणे, झाडणे, भांडी घासणे, जिना चढणे, वाकणे, लोकांत जाणे, अगदी बोलणेसुद्धा, अशी १५ कामे तिच्यात विचारतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण. गुण जास्त तितका त्रास जास्त. यातला शून्य नीट समजून घ्या. शून्य म्हणजे ‘हे काम मी एरवीही करत नाही’. दुसऱ्या टोकाला पाच, म्हणजे दम लागतो म्हणून आता दुसऱ्या कोणाला करावे लागते. झाडण्याबद्दल विचारल्यावर आजी म्हणतात, ‘ते सून करते.’ लिहिणाऱ्याने शून्य लिहिले की काम संपले. पण सुनेने झाडू हातात घेतला तो आजींना धाप लागू लागल्यावर, मग हे पाच नव्हे काय? पाणी सातवीतली मुलगी भरते आणि तिची शाळेची वेळ चुकते, तर हा आजार एकट्या आईच्या छातीत राहिलेला नाही. म्हणून सांगताना ‘करत नाही’ एवढ्यावर थांबू नका. कधीपासून करत नाही आणि का, तेही सांगा.

लंडनच्या यादीत नळ नाही, सार्वजनिक शौचालयाची रांग नाही, उकिडवे बसणे नाही, जमिनीवर बसून भाकरी थापणे नाही. विहारात खाली बसून वंदनेला वाकणे आणि पुन्हा उठणे तिथल्या कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. उकिडवे बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर पोट वर दाबले जाते आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून दम लागतो. वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना धाप का लागते, याचे अनेकांना नवल वाटते. फुफ्फुस दुबळे झाले की खांद्यामानेचे स्नायू श्वासाला मदत करू लागतात. हात वर नेले की त्यांना दोन्ही कामे करावी लागतात. ही कामे आपण होऊन सांगितली नाहीत, तर कागदावर येणारच नाहीत.

आमची सूचना अशी आहे. जाण्याआधी तीन दिवस घरातल्या शाळकरी मुलाच्या हातून वहीत लिहून घ्या: आंघोळ, शौचालय, जिना, पाणी, स्वयंपाक, कामावर जाणे. प्रत्येक कामात किती वेळा थांबलात आणि धाप ० ते १० मध्ये किती. सुटलेल्या कामांची यादी वेगळ्या पानावर. घरच्यांनाही विचारा, रुग्ण लपवतो ते बायकोला किंवा मुलाला दिसत असते. शेवटी, यातले कोणते एक काम पुन्हा करायचे आहे, तेही लिहा.

या वहीवरून फिजिओथेरपिस्टला नेमके काही ठरवता येते. मोरीत स्टूलवर बसून आंघोळ, कोपर टेकवून केस विंचरणे, उचलताना ओठ शीळ घातल्यासारखे करून श्वास सोडणे, जिन्यावर ठरलेल्या पायरीवर थांबणे, भरलेल्या बादलीऐवजी अर्ध्या बादलीच्या दोन खेपा. त्याच्या जोडीला हातापायांची ताकद वाढवण्याचे व्यायाम. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो, पण फुफ्फुसाच्या रुग्णाला तिथे कोणी आपोआप पाठवेलच असे नाही. डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत असंबद्ध बोलत असेल, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.

सहा-आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर हेच प्रश्न पुन्हा विचारले जायला हवेत. नाही विचारले तर आपण आठवण करा. फुंकरीचा आकडा तेव्हा बहुधा होता तिथेच असेल, त्याने निराश होऊ नका. जिन्यावर आधी चारदा थांबत होतात आणि आता दोनदा थांबता, हे त्या वहीत दिसेल.