गळालेल्या व्यंजनांचे सूर

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता. सूर बदलला की अर्थ बदलणारी भाषा महाराष्ट्रात रोजच्या व्यवहारात ऐकायची असेल, तर ती इथे ऐकता येते.

ल्हासाच्या वळणाच्या तिबेटीत ‘ङा’ खालच्या सुरात म्हटलं तर ‘मी’, चढ्या सुरात म्हटलं तर ‘पाच’. मराठी कानाला दोन्ही सारखेच. लिहायला सांगितलं की फरक उघडा पडतो : ‘मी’ नुसत्या ङ-नं लिहितात, ‘पाच’ मात्र ल्ङ या जोडाक्षरानं. ही लिपी सातव्या शतकात, सोङ्चेन गाम्पो राजाच्या काळात, भारतीय लिपीवरून घडवली गेली. तिची वर्णमाला आजही क, ख, ग, ङ अशीच सुरू होते. त्या काळी हा ल् खरोखर उच्चारला जात होता. पुढे तो बोलण्यातून गळाला आणि जाता जाता शब्दाचा सूर चढवून गेला. लिहिण्यात तो तसाच राहिला, हे अभ्यासकांचं केवढं भाग्य!

ग, ज, द, ब यांच्या वाट्याला दुसरी गत आली. ही घोष व्यंजनं उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात, स्वरयंत्र किंचित खाली उतरतं आणि पुढचा स्वर जरा खालच्या पट्टीत सुरू होतो. गळ्यावर बोट ठेवून ‘पार’ आणि ‘बार’ म्हणून पाहा. ब-चा कंप बोटाला लागतो. सुराचा फरक आपल्याही बोलण्यात असतो, पण तो इतका बारीक की आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. ल्हासात घोष हरवला आणि हाच बारीक फरक अर्थाचा आधार झाला. तिथे ग-नं लिहिलेला शब्द आज ख-सारखा ऐकू येतो, फक्त खालच्या सुरात. आपल्या जवळच्या पंजाबीतही असंच घडलं आहे : ‘घोडा’तला घ बोलण्यात क-सारखा झाला आणि त्याच्यामागे खालचा सूर उरला.

शब्दाच्या शेवटची व्यंजनंही अशीच खुणा सोडून जातात. व्हिएतनामीचे सूर शेवटच्या व्यंजनांच्या झिजेतून कसे आले, हे आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं. ल्हासात ‘खम’ म्हणजे तुकडा. त्याचा सूर सपाट. ‘खम्स’ या प्रदेशाच्या नावातला स् आता ऐकू येत नाही, पण त्याचा सूर शेवटी घसरतो.

सगळ्या तिबेटी बोली या वाटेनं गेल्या नाहीत. घोडा लिहितात ‘र्ता’. ल्हासात तो चढ्या सुरातला ‘ता’ झाला, लेहमध्ये ‘स्ता’. लेहच्या बोलीनं जोडाक्षरं बरीच जपली, म्हणून तिला सुरांची गरज पडली नाही. अर्थाचं ओझं व्यंजनांनी वाहायचं की सुरांनी, एवढाच या दोन बोलींतला फरक.

ल्हासातही जुनी व्यंजनं पुरती गेलेली नाहीत. दहा म्हणजे ‘चू’, चार म्हणजे ‘शी’. चारच्या लिखाणात आधी एक ब् असतो. सुटा शब्द बोलताना त्याचा मागमूस लागत नाही. पण चौदा म्हणताना ल्हासाचा माणूस ‘चुप्शी’ म्हणतो.