शिप्रेचा उतार आणि दोन फासे

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माणसाने नवा छंद जोडावा आणि तोही लढाईचा, ही गोष्ट आमच्या घरात कुणास फारशी रुचली नाही. "अहो, दिवसभर शाळेत पोरांची भांडणे सोडवता आणि घरी येऊन मेजावर लावता, हे काय?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा आमच्यापाशी समर्पक उत्तर नव्हते. जेवणाचे मेज लढाईखाली गेले होते, आणि पाने जमिनीवर मांडावी लागत होती. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक गुडघे मोडून, डोळे मेजाच्या पातळीस आणून, फूटपट्टीने पलटणींची चाल मोजतो आहे, हे दृश्य नानाखेड्याच्या आमच्या गल्लीत बराच काळ चर्चेचा विषय होते.

प्रारंभ झाला तो २०२५ च्या मकरसंक्रांतीला. पुण्याचा पुतण्या आला, तो तिळगुळाबरोबर एक खोके घेऊन. आत इंचभरही उंची नसलेले प्लास्टिकचे शिपाई, एक इंग्रजी नियमपुस्तिका आणि दोन फासे. लहानपणी दिवाळीत आमच्या अंगणात मातीचा किल्ला होई, अळिवाची हिरवळ उगवे, आणि मावळे बुरुजांवर उभे राहत. पण ते मावळे भाऊबीज संपेपर्यंत जागचे हलत नसत. या खेळातले शिपाई चालतात, थकतात, पळतात. एक बाहुली म्हणजे पन्नास माणसे, एक इंच म्हणजे पन्नास पावले. पायदळाने एका पाळीत सहा इंच जावे, घोडदळाने बारा. तोफेच्या गोळ्याचा पल्ला चोवीस इंच, पण जवळून छर्रा सोडावयाचा तर आठच. गोळी लागली की नाही, हे फासा सांगतो.

बुद्धिबळाची गोडी आम्हांस पूर्वीपासून आहे. तिथे हत्ती सरळच जातो, उंट तिरपाच. घोड्याने अडीच घर जाण्यास आजवर कधी नकार दिलेला नाही. मेजावरच्या लढाईत मात्र घोडा नकार देतो. ज्या पथकाची माणसे पडली, त्याने दोन फासे टाकून आपले अवसान तपासावयाचे. बेरीज सहा किंवा अधिक आली तर ते उभे राहिले, कमी आली तर मागे फिरले. दोन फाशांचे छत्तीस प्रकार. त्यांतील दहांत पथक पळते. पडलेल्या प्रत्येक बाहुलीमागे एक गुण वजा. म्हणजे एक बाहुली पडली की पंधरा प्रकारांत पळ, दोन पडल्या की एकवीसांत. शेजारचा नववीतला मुलगा आमच्या खेळात येतो, त्याने हे सारे वहीच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही सांगण्यापूर्वीच मांडून दाखविले. वर्गात हाच मुलगा गणितात मागे आहे, हे त्याच्या गुरुजींनी आम्हांस नंतर सांगितले.

हा खेळ पोरकट म्हणावा, तर त्याचा उगम फौजेतच आहे. प्रशियाच्या राजदरबारी राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली असा पट मांडला, त्याच्या मुलाने १८२४ साली नियम छापले, आणि तेथील सेनाधिकाऱ्यांचे शिक्षण त्यावर होऊ लागले. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून तो खेळ दिवाणखान्यात आणला. खेळण्यातली लढाई खेळून पाहिलेल्या माणसास खऱ्या लढाईतला अनागोंदीपणा आपोआप कळेल, अशी त्यांची आशा होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले!

आता लढाई कुठली खेळावी? पुस्तिकेत सारे युरोप. पण आपण माळव्यात राहतो, आणि उज्जैनभोवती रणांगणांची वाण नाही. एप्रिल १६५८ मध्ये औरंगजेबाने जसवंतसिंहाचा मोड केला ते धर्मत गंभीर नदीच्या काठी, इथून जवळच. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या हेसिंगच्या पलटणी उज्जैनपाशीच कापल्या. ही दुसरी लढाई आम्ही सुचविली, आणि आमचे बँकेतून निवृत्त झालेले स्नेही एकदम गंभीर झाले. त्यांचे आजोबा होळकरांच्या चाकरीत होते, आमचे घराणे शिंद्यांच्या पदरचे. "मास्तर, आपल्या आपल्यांतली लढाई संक्रांतीला कशाला?" ते म्हणाले. म्हणून महिदपूर ठरले. उज्जैनपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, शिप्रेच्याच काठी, २१ डिसेंबर १८१७ रोजी सर टॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि माळव्यातले मराठी राज्य नावापुरते उरले.

पहिले दोन महिने लढाई झालीच नाही. आम्ही नियमपुस्तिकेचे भाषांतर करीत बसलो. मराठीत एम. ए. केल्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. 'मोराल' या शब्दास शालेय पुस्तकांतून मनोधैर्य म्हणतात, पण मनोधैर्य गळत नाही. गळते ते अवसान. नदी पायी ओलांडण्याची जागा म्हणजे उतार. बाजू म्हणजे बगल, मागून येणारी मदत म्हणजे कुमक, पुढची फौज बिनीची, आणि पथकांनी एकमेकांत मिसळून पळ काढला की दाणादाण. बखरींतून आणि जुन्या पत्रांतून हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेले पडून होते. उचलून मेजावर ठेवले की झाले. तो नववीतला मुलगा माळवी बोलणारा, मराठी त्याच्या घरी नाही. तरी मार्च संपता संपता तो "मास्साब, उनकी कुमक आ गई" असे ओरडू लागला, हे नोंदवून ठेवतो.

शिप्रा आम्ही निळ्या पुठ्ठ्याची केली. भैरवगढच्या छिप्यांकडून मिळालेल्या चिंध्यांची निशाणे झाली. नदीपलीकडे होळकरांची फळी, तिच्या मध्यावर उंचवट्यावरचे उजाड खेडे, पुढे तोफांची ओळ. अलीकडे इंग्रज, आणि मध्ये एकच उतार. आणि खेळू लागलो, तो चमत्कार असा की होळकर हरेनात! नदीत चाल निम्मी होते. तोफांच्या माऱ्यातून उतार ओलांडता ओलांडता इंग्रजांच्या पलटणींचे अवसान गळे, आणि माल्कमसाहेब पुठ्ठ्याच्या शिप्रेतून उलटे चालू लागत. पहिल्या सात खेळांत इंग्रज एकदाच जिंकले.

आमच्यात चौथे गडी आहेत ते महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. महूला अधिकाऱ्यांपुढे मांडलेला रेतीचा नकाशा त्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे आमचा पुठ्ठा पाहून ते प्रथम हसले. (महूची ती छावणीही मंदसौरच्या तहानंतर, १८१८ सालीच वसली.) त्यांचा एक नेम आहे. पडलेली बाहुली कुणी हाताने बाजूस सारलेली त्यांस चालत नाही. ते स्वतः ती उचलतात आणि लाकडी खोक्यात उभी करून ठेवतात. एका रविवारी होळकर हरले, तेव्हा त्यांनी खोक्यातल्या बाहुल्या मोठ्याने मोजल्या. साठ भरल्या. साठ गुणिले पन्नास, तीन हजार. महिदपुरास होळकरांची हानी तेवढीच सांगतात. इंग्रजांकडचे मृत १७४ आणि जखमी सहाशेवर. त्या दिवशी चहा झाला, पण दुसरा डाव कुणी मांडला नाही. सौभाग्यवतींनी मेजाविषयी तक्रार करणे त्या दिवसापासून सोडले. का, ते आम्ही विचारले नाही.

मग प्रश्न उभा राहिला: मेजावर होळकर जिंकतात, तर खरोखरीच्या शिप्रेवर ते हरले कसे? आमच्या स्नेह्यांचे उत्तर तयार होते. फितुरी. गफूरखान आपली फौज घेऊन निघून गेला, त्याचे इनाम म्हणून त्यास मंदसौरच्या तहात जावरा मिळाले, असे त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेले. जावरा मिळाले हे खरे, आणि फितुरीचा आरोपही जुना आहे. पण आम्ही शाळामास्तर पडलो. आम्ही म्हटले, आदल्याच दिवशी, २० डिसेंबरला, कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच सरदारांनी शिप्राकाठी ठार केले होते. गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव. घोडदळ लवकर निघून गेले. गोलंदाज मात्र तोफांपाशी उभे राहून मेले, आणि साठाहून अधिक तोफा शत्रूच्या हाती पडल्या. रोशनबेगाने पायदळ आणि तोफा झुंजविल्या, यशवंतरावांची कन्या भीमाबाई घोड्यावर बसून लढली असे सांगतात, पण त्या सकाळी साऱ्यांनी हुकूम कुणाचा मानावयाचा? एका माणसाच्या फितुरीवर सारा पराभव टाकला की बाकीच्यांना प्रश्न विचारावयास नकोत, असेही आम्ही म्हणून गेलो. हे शेवटचे वाक्य नको होते.

"म्हणजे आमचे आजोबा खोटे बोलत होते?" स्नेह्यांनी विचारले. सुभेदारसाहेबांनी मध्ये पडून सांगितले की शिपायाचा पगार थकला होता की नाही तेवढे आधी पाहा, बाकीचे मागून. पण स्नेही चपला घालून निघाले. भाद्रपदातली गोष्ट. गणपतीला ते आले नाहीत, दिवाळीच्या फराळाचा डबा त्यांच्या नातवाच्या हाती परत आला, तोही रिकामा नव्हे, चिवड्याने भरलेला. पण ते स्वतः नव्हते. चाळीस वर्षांचा स्नेह दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईपायी थांबावा, याची लाज वाटे, आणि त्याबरोबर आपले म्हणणे बरोबर आहे असेही वाटे. दोन्ही एकदम वाटण्याचा त्रास निराळाच असतो. मेज त्या काळात रिकामेच होते. आम्ही त्यावर जेवलो.

तोडगा काढला सुभेदारसाहेबांनी. २१ डिसेंबरला रविवार येत होता. "जमीन पाहिल्याशिवाय लढाईवर बोलणे आमच्यात चालत नाही," असे म्हणून त्यांनी आम्हां दोघांस निरनिराळे निरोप धाडले, आणि दुसरा येणार आहे हे कुणासही सांगितले नाही. सकाळच्या गारठ्यात बसमध्ये चढलो, तो खिडकीशी कानटोपी घातलेले स्नेही. मुलगा आमच्यामध्ये बसला आणि महिदपूरपर्यंत एकटाच बोलत राहिला.

शिप्रेच्या काठी हरभऱ्याची शेते, पाण्यात पाय सोडून बसलेली म्हैस, एवढेच. सुभेदारसाहेब आम्हांस एका उतारावरून खाली घेऊन गेले आणि पलीकडच्या काठाच्या अगदी मुळाशी उभे केले. काळ्या मातीची दरड डोक्यावर उभी होती.

"आता सांगा, वर तोफा कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

स्नेह्यांनी मान वर केली. "दिसत नाहीत."

"त्यांनाही आपण दिसत नाही."

आम्ही तिघेही दरडीकडे पाहत राहिलो. आमच्या पुठ्ठ्याच्या शिप्रेला काठच नव्हते. सपाट मेजावर निळी पट्टी चिकटवून आम्ही वर्षभर इंग्रजांना उघड्यावर मारीत होतो. इथे एकदा पाण्यातून निसटून काठाखाली आलेल्या पलटणीस दम घ्यावयास, फळी नीट करावयास जागा होती. पुढचा चढ भयंकर, हे खरेच. पण चढावयाचा तो एका दमात. एवढ्याने फितुरीचा प्रश्न सुटत नाही, आणि तुळसाबाईंचाही नाही. तसे कुणी म्हटलेही नाही. स्नेह्यांनी वाकून चूळभर पाणी हातात घेतले, डोळ्यांस लावले, आणि पुन्हा नदीत सोडले. मग मुलाने पावलांनी दरडीची लांबी मोजली.

परतीच्या बसमध्ये ते आमच्या शेजारी बसले. उन्हेल मागे पडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, थर्माकोल दोन इंची मिळतो का हो?"

पुढच्या रविवारी ते सकाळी आठलाच आले, बगलेत थर्माकोलचा तक्ता आणि हातात भाजी चिरण्याची सुरी. सौभाग्यवतींनी मेजाखाली जुनी वर्तमानपत्रे पसरली.