अनाथ पॉलिसी

विमा कंपनीच्या शाखेत ‘ऑर्फन पॉलिसी’ हा शब्द रोज कानावर येतो. एजंटने काम सोडलं, तो वारला किंवा त्याची एजन्सी रद्द झाली, की त्याने उतरवलेल्या पॉलिसी अनाथ होतात. हप्ते चालूच असतात. पत्ता बदललाय का, वारसाचं नाव लावलंय का, हे विचारायला घरी येणारं माणूस मात्र उरत नाही.

आयुर्विम्याची विक्री आज होते आणि तिचा खरा उपयोग कधी वीस-पंचवीस वर्षांनी कळतो. मधली वर्षं कोण सांभाळणार, हे बरंचसं कमिशनच्या वाटणीवर ठरतं. एलआयसीच्या दीर्घ मुदतीच्या योजनांत बरीच वर्षं एजंटला पहिल्या वर्षाच्या हप्त्यांवर ३५ टक्क्यांपर्यंत मिळत आणि चौथ्या वर्षापासून ५ टक्के. मार्चमधली शाखेची धावपळ त्या ३५ टक्क्यांची असे. विकास अधिकाऱ्याचं टार्गेट, जास्त विक्री करणाऱ्या एजंटांसाठीच्या ब्रँच मॅनेजर क्लबपासून चेअरमन क्लबपर्यंतच्या पायऱ्या, संध्याकाळी उशिरापर्यंत भरले जाणारे प्रपोजल फॉर्म. कोणी कमिशनमधून ग्राहकाचा हप्ताही भरतो, १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देण्यावर बंदी असतानाही. असा ग्राहक पुढच्या वर्षी हप्ता भरेलच याची खात्री नाही, आणि पॉलिसी लॅप्स होते.

५ टक्क्यांनी मात्र वेगळा माणूस घडवला. रिन्यूअल कमिशन, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन, पॉलिसी चालू असेपर्यंत येतं, आणि ठरावीक अटी पूर्ण केलेल्या एजंटच्या मागे त्याच्या वारसांनाही मिळतं. म्हणून गावचा जुना एजंट लग्नाला येतो, तेराव्यालाही येतो आणि क्लेमचे कागद स्वतः भरून देतो. ही जवळीक राष्ट्रीयीकरणाच्याही आधीची. साताऱ्यासारख्या गावात १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ ही कंपनी अण्णासाहेब चिरमुले यांनी उभी केली होती. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ मध्ये, अशा २४५ संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला आणि त्यातून एलआयसी झाली.

२००० पासून खासगी कंपन्या आल्या आणि विमा बँकेच्या काउंटरवर पोचला. मुदतठेव करायला गेलेला पेन्शनर पॉलिसी घेऊन परततो, आणि ती विकणारा अधिकारी काही वर्षांत बदलून दुसऱ्या शहरी जातो. अशी पॉलिसी जवळपास जन्मतःच अनाथ.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणलं आणि रिन्यूअल ५ वरून साडेसात टक्के केलं. त्याच महिन्यापासून, पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम परत मिळण्याचा नियम लागू झाला. एजंटांच्या संघटनांनी कमिशनकपातीला विरोध केला. नव्या एजंटची पहिली वर्षं यामुळे कठीण जातील, हे खरंच आहे. तरीही दिशा योग्य आहे, कारण पैसा विक्रीकडून सांभाळण्याकडे सरकतो आहे.

२०२३-२४ मध्ये मुदत संपूनही कोणी न मागितलेले सुमारे ८८० कोटी रुपये एलआयसीकडे पडून होते. असा पैसा आपला आहे का, हे एलआयसीच्या संकेतस्थळावर तपासता येतं. पण त्यासाठी पॉलिसी आहे हे आधी ठाऊक हवं, आणि कित्येक घरांत तिची नोंद फक्त एजंटच्या डायरीत असते.