कॅनडाच्या प्रेअरीत गाव टिकते ते रस्त्यावर

भारतात आयात होणाऱ्या मसुराचा मोठा हिस्सा कॅनडातून येतो आणि कॅनडातील बहुतांश मसूर सस्कॅचेवान या एकाच प्रांतात पिकतो. महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक क्षेत्रफळाच्या या प्रांताची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार अवघी सव्वाअकरा लाखांच्या आसपास आहे. पूर्वेला मॅनिटोबा, पश्चिमेला अल्बर्टा आणि मध्ये सस्कॅचेवान अशा तीन प्रांतांच्या दक्षिण भागात पसरलेल्या या गवताळ मैदानाला ‘प्रेअरी’ म्हणतात. येथे शेजारचे गाव गाठायचे तर अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी लागते आणि मोठे रुग्णालय किंवा विमानतळ गाठायचा तर कधीकधी तीन-चार तास. त्यामुळे कुटुंबासह मोटारीने केलेला लांबचा प्रवास ही येथे केवळ सुटीतील हौस नाही. गावाचे दैनंदिन जीवनच त्यावर चालते.

ही अंतरे निसर्गाने ठरवलेली नाहीत. १८७२ च्या जमीन कायद्याने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली आणि त्यासाठी संपूर्ण मैदान एक-एक चौरस मैलाच्या चौकटींत आखले गेले. आजचे खडीचे ग्रामीण रस्ते याच चौकटींच्या कडेने जातात. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेखांश जवळ येत जातात. तो फरक भरून काढण्यासाठी ठराविक अंतरावर आखणी बाजूला सरकवावी लागली. म्हणूनच नाकासमोर चाललेला रस्ता भर माळावर विनाकारण वाटावे असे वळण घेतो, आणि नवख्या चालकाला तेथे दचकायला होते.

चौकटीनंतर रेल्वे आली. १८८५ मध्ये पूर्व-पश्चिम लोहमार्ग पूर्ण झाला, पुढे त्याला फाटे फुटले आणि साधारण दहा-पंधरा किलोमीटरवर एकेक स्थानक बसवण्यात आले. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून स्थानकावर न्यावे आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावे, हा त्यामागचा हिशेब होता. स्थानकापाशी धान्य साठवण्याचा उंच लाकडी मनोरा, म्हणजे एलेव्हेटर, उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी दुकान, टपाल कार्यालय, शाळा आणि चर्च आले. १९३० च्या दशकात असे साडेपाच हजारांहून अधिक मनोरे होते. गाव नजरेस पडण्यापूर्वी मनोरा दिसे आणि त्यावर गावाचे नाव रंगवलेले असे.

मात्र या मोकळ्या रस्त्यांची कथा सर्वांसाठी सारखी नव्हती. क्री, ब्लॅकफूट आदी मूलनिवासींशी १८७१ पासून करार करून त्यांना राखीव वस्त्यांत बसवण्यात आले. १८८५ नंतर अनेक दशके राखीव क्षेत्राबाहेर पाऊल टाकण्यासाठी सरकारी प्रतिनिधीची चिठ्ठी घ्यावी लागे. या पद्धतीला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता, तरीही ती राबवली गेली.

मोटारगाडी आल्यावर घोडागाडीचे गणित मोडले. १९४९ च्या कायद्याने सुरू झालेला ट्रान्स-कॅनडा महामार्ग १९६२ मध्ये औपचारिकरीत्या खुला झाला. विनिपेगहून निघाल्यावर ब्रँडन, रेजायना, मूस जॉ, स्विफ्ट करंट, मेडिसिन हॅट अशी गावे घेत तो कॅलगरीला पोहोचतो. हे अंतर तेराशे किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यातील बहुतेक प्रवासात डोंगर दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत नातेवाइकांकडे किंवा रॉकी पर्वतांकडे निघालेली कुटुंबे हा टप्पा प्रायः दोन दिवसांत कापतात.

या एकसुरी वाटेवर प्रवाशांना थांबवण्यासाठी छोट्या गावांनी एक युक्ती शोधली: जगातील सर्वांत मोठी अमुक वस्तू उभारायची. एडमंटनच्या पूर्वेस युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तेथील व्हेग्रविल गावात १९७५ मध्ये रंगीत ईस्टर अंड्याची नऊ मीटरहून उंच ॲल्युमिनियमची प्रतिकृती बसवली गेली. संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रेश यांनी तिची भौमितिक रचना केली आणि एवढे मोठे अंडे वाऱ्याबरोबर फिरते. त्याच परिसरातील मंडेर गावाने सॉसेजचा पुतळा उभारला, ग्लेंडनने पेरोगी या पदार्थाचा. सेंट पॉलने तर १९६७ मध्ये, देशाच्या शताब्दी वर्षात, उडत्या तबकड्यांसाठी धावपट्टी बांधली. तेथे अद्याप कोणी उतरलेले नाही.

हा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे, पण गावे तो गांभीर्याने घेतात. मूस जॉमधील ‘मॅक’ हा मूस प्राण्याचा पुतळा १९८४ पासून जगात सर्वांत उंच मानला जाई. २०१५ मध्ये नॉर्वेतील एका गावाने त्याहून तीस सेंटिमीटर उंच पुतळा उभा केला. मूस जॉने २०१९ मध्ये मॅकला नवी, मोठी शिंगे बसवून मान परत मिळवला. पुतळ्यापाशी थांबलेली गाडी गावात पेट्रोल भरते, मुले आइस्क्रीम खातात. अशा गावांच्या अर्थकारणात तेवढ्यानेही फरक पडतो.

गावाचे खरे केंद्र मात्र रिंक. हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांपर्यंत घसरतो आणि सहा महिने मैदानी जीवन थांबते, तेव्हा बर्फावरील हॉकी आणि कर्लिंगच्या या बंदिस्त सभागृहात सारे गाव जमते. अनेक ठिकाणी बर्फ तयार करण्यापासून उपाहारगृहात वाढण्यापर्यंतची कामे गावकरी आळीपाळीने, विनावेतन करतात. शरद ऋतूत पीक घरात आले की चर्च किंवा समाजमंदिरात ‘फाउल सपर’ नावाचे सामुदायिक जेवण होते. टर्की, बटाटे, घरोघरी केलेले पाय असा बेत असतो. शेजारच्या गावांतील लोक गाड्या भरून येतात आणि जमलेल्या पैशांतून सभागृहाचे छप्पर दुरुस्त होते.

परस्परांच्या आधाराने जगण्याच्या या सवयीतून मोठी कामेही उभी राहिली. स्विफ्ट करंट परिसरातील ग्रामीण भागाने १९४६ मध्ये सर्वांसाठी सामुदायिक निधीतून वैद्यकीय सेवा सुरू केली. १९६२ मध्ये ती व्यवस्था सस्कॅचेवानभर लागू झाली आणि पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचा पाया ठरली.

त्याच प्रांताने १९९३ मध्ये काटकसरीसाठी ५२ ग्रामीण रुग्णालयांना टाळे लावले किंवा त्यांचे रूपांतर केले. १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वे वाहतुकीवरील जुनी सवलत संपली, फाटे बंद पडले आणि बहुतेक लाकडी मनोरे पाडले गेले. २०१७ मध्ये, १९४६ पासून चालणारी सरकारी बससेवा गुंडाळण्यात आली. या बसमधून केवळ प्रवासी जात नसत. रक्ताचे नमुने, यंत्रांचे सुटे भाग, पार्सले असे बरेच काही जाई. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ग्रेहाउंडनेही पश्चिम कॅनडातील आपल्या जवळपास सर्व बस थांबवल्या. ज्याच्याकडे गाडी नाही, मग तो वृद्ध असो, रुग्ण असो वा राखीव वस्तीतील तरुणी, त्याला आता कोणाच्या तरी गाडीत जागा मागावी लागते.

रस्त्यावर इतके अवलंबून असण्याची किंमत ६ एप्रिल २०१८ रोजी जगासमोर आली. हम्बोल्ट गावाचा तरुण हॉकी संघ सामन्यासाठी निपाविनकडे जात असताना ग्रामीण चौकात त्यांची बस एका मालट्रकवर आदळली. १६ जण मृत्युमुखी पडले, १३ जखमी झाले. थांब्याची खूण ओलांडणारा ट्रकचालक भारतातून आलेला तरुण होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. मृतांच्या काही आप्तांनी त्याला क्षमा केली, काहींना ते शक्य झाले नाही. देशभर लोकांनी घरांच्या ओसरीवर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या, दीड कोटी डॉलरची मदत जमली. मार्च २०१९ पासून सस्कॅचेवानमध्ये मालट्रकचा परवाना घेण्यापूर्वी १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. हम्बोल्टचा संघ मात्र २०१८ च्या सप्टेंबरमध्येच, म्हणजे अपघातानंतर सुमारे पाच महिन्यांत, पुन्हा बर्फावर उतरला होता.

घटत्या लोकसंख्येवर उपाय म्हणून संघराज्य सरकारने २०१९ मध्ये छोट्या गावांसाठी स्थलांतर योजना जाहीर केली. तीत ब्रँडन, मूस जॉ, अल्टोना, क्लेर्सहोम यांचा समावेश होता. त्यामुळे येथे स्थायिक होऊ पाहणाऱ्यांत भारतीय कुटुंबेही आहेत. त्यांना जुने रहिवासी पहिल्याच हिवाळ्यात काही गोष्टी सांगतात: टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, रात्री इंजिनाच्या हीटरची वायर विजेला जोडायची, मागे फावडे, ब्लँकेट, मेणबत्ती आणि काड्यापेटी ठेवायची. आणि वादळात गाडी अडकली, तर मदत येईपर्यंत गाडी सोडून चालत निघायचे नाही.